बिनआवाजाचा सांधा

कारखान्यात तिला सगळे बिजागरीताई म्हणत. हे नाव ठेवलं पट्टेवाले काकांनी. काका म्हणजे चामड्याचे पट्टे कापणारे, शिवणारे, त्यांना बकला ठोकणारे. हात स्वतःच्या कामात आणि तोंड दुसऱ्याच्या, असा माणूस. ताई नवीन आली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "तुम्ही नेमकं करता काय हो?" लुळ्या पायाला जो आधार बांधतात, त्याच्या गुडघ्याचा सांधा मी आखते, असं तिनं सांगितलं. "म्हणजे बिजागरीच की!" काका म्हणाले, आणि तिचं बारसं झालं. एवढं शिकून-सवरून यायचं आणि पहिल्याच दिवशी बिजागरी व्हायचं, हे तिला फार झोंबलं. ती भांडलीसुद्धा. मग सवय झाली, आणि पुढे पुढे कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर ती मागे वळून बघायची, दुसरंच कुणी आलंय का म्हणून.

काकांना काय जातंय म्हणायला! दाराची बिजागरी एका खिळ्याभोवती फिरते आणि तिचं काम संपतं. माणसाचा गुडघा वाकताना फिरतोही आणि घसरतोही, वर जरा वळतोही. बाहेरून लावलेला लोखंडी सांधा गुडघ्याच्या किंचित वर बसला तर पट्टा मांडीला घासणार, किंचित खाली बसला तर पोटरीला. एवढ्याशा चुकीनं माणसाचं कातडं सोलून निघतं. ताईची सगळी हयात त्या एवढ्याशात गेली. लग्नाचं विचारणाऱ्यांना ती म्हणायची, "दुसऱ्यांचे सांधे जुळवून झाले की बघू." विचारणारे कंटाळून गप्प बसले.

कारखाना एका इस्पितळाच्या मागच्या अंगाला होता. एक लांबलचक खोली. एका टोकाला लेथ आणि ताईचं टेबल, दुसऱ्या टोकाला काकांचा चामड्याचा पसारा, आणि मधे चालायची पट्टी. पट्टीच्या दोन्ही बाजूंना धरायला नळ्या, समोर भिंतीएवढा आरसा. नवा पाय बांधलेला माणूस नळ्या धरून आरशात बघत चालायचा आणि कारखान्यातले त्याच्या पाठीमागे उभे राहून त्याची चाल बघायचे. तोंडाकडे बघायचं नाही, हा तिथला रिवाज. माणूस तोंडानं हसून दाखवतो, पाठीला तेवढं जमत नाही.

दुसरा रिवाज कानाचा होता. कुठलाही सांधा बाहेर जाण्याआधी लेथ बंद करायचा, सगळ्यांनी चिडीचूप व्हायचं, आणि काकांनी तो सांधा कानाशी धरून वाकवायचा, सरळ करायचा. जराशी खरखर झाली, कुठे टिकटिक झाली, की काका तो टेबलावर आपटायचे. "बोलतोय. परत न्या." बोलणारा सांधा म्हणजे कच्चं काम, हे तिथे कुणी कुणाला शिकवत नसे, ते हवेतच होतं. ताईला हा रिवाज फार आवडायचा. का आवडायचा, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

कारण असं, की तिच्या आईचा पाय बोलायचा. तरुणपणी कमरेला इजा झाली आणि आईचा उजवा पाय कायमचा लुळा पडला, वर बधिरही. चिमटा काढला तरी कळायचं नाही. तेव्हापासून मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा आधार, त्याच्या गुडघ्यावर लोखंडी कडी. उभं राहून पाय सरळ केला की कडी खाली पडायची, खट्, आणि गुडघ्याला कुलूप लागायचं. मग आई तो काठीसारखा ताठ पाय अर्धगोल फिरवत चालायची, आणि झिजून सैल झालेली कडी पावलागणिक वाजायची. आईनं घरी बसून शिवणकाम केलं, डाव्या पायानं मशीन मारून मुलीला वाढवलं. बाप लवकर गेलेला. आई आहे कुठे, हे त्या घरात शोधावं लागत नसे, ऐकू यायचं.

ताई दहा वर्षांची असताना तिला शाळेत निबंधाचं बक्षीस मिळालं. सभागृह भरलेलं, मुख्याध्यापिका बोलायला उभ्या राहिलेल्या, सगळीकडे शांतता, आणि दारातून आई आली. उशीर झाला होता बिचारीला. दारापासून तिसऱ्या रांगेपर्यंत खट्, खट्, खट्. मुख्याध्यापिका बोलायच्या थांबल्या. मागच्या मुली फिदीफिदी हसल्या. ताईनं मान खाली घातली, आणि नाव पुकारेपर्यंत वर केली नाही. त्यानंतर आई शाळेत कधी आली नाही. "कामं असतात गं," म्हणायची. घरी मैत्रिणी आल्या तर आई स्वयंपाकघरातच असायची, तिथून हाक मारून खाऊ न्यायला सांगायची. ताईला वाटायचं, आई दमलेली असते.

पुढे ताई शिकली, या कारखान्यात आली, आणि बऱ्याच वर्षांनी तिनं आपला सांधा तयार केला. काकांनी त्याला शहाणा सांधा म्हटलं, आणि या खेपेला तिला ते झोंबलं नाही. त्यात कडी नव्हती. पाय उचलला की गुडघा मोकळा वाकायचा, पाय सरळ होऊन टाच टेकली की आतली पोलादी जीभ खाचेत जाऊन बसायची आणि गुडघा कुलूपबंद व्हायचा. बसायचं असलं की मांडीवरचा खटका वर ओढायचा. पहिला सांधा आईच्याच पायाला लागला. इतक्या वर्षांनी आईचा गुडघा चालताना वाकला. आई त्या पट्टीवर आरशात स्वतःला बघत गेली, परत आली, पुन्हा गेली. काका म्हणाले, "अहो, पुरे आता, आमची फरशी झिजेल." त्या दिवशी ताईला आकाश ठेंगणं झालं होतं.

एकच गोष्ट तिला खुपत होती. जीभ खाचेत बसताना खट् व्हायचं.

काकांनी तो सांधा कानाशी धरला तेव्हा तेही ओशाळले. "काम झकास आहे," ते म्हणाले, "पण बोलतोय." तरी जुन्या कडीपेक्षा कितीतरी बरा म्हणून तो तसाच बाहेर गेला होता. त्यात हाच सांधा लावलेले नेहमीचे पेशंट, एक ग्रंथपाल, त्यांचाही पाय बधिर, एकदा येऊन म्हणाले, "ताई, वाचनालयात मी कपाटाकडे निघालो की लोक पुस्तकातून माना वर करतात हो. काही करता येईल?" करता येईल का म्हणजे काय! ताईनं खाचेच्या तळाशी रबराची पातळ गादी बसवली. गाद्या काकांनी स्वतः कापल्या, आणि कधी नव्हे ते तोंड बंद ठेवून कापल्या. मग लेथ थांबला, सगळे गप्प झाले, काकांनी सांधा कानाशी धरला. वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. "मांजराचं पाऊल आहे," ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पट्टीवर माणसं चालवून बघितली, नळ्या धरून, आरशात बघत, आणि एकाचाही गुडघा दगा देईना. मोठे साहेब येईल त्या पाहुण्याला तो सांधा दाखवू लागले. कारखान्यातून एकामागून एक बिनआवाजाचे पाय बाहेर पडू लागले.

घरी आईच्या पायातला सांधा ताईनं स्वतःच्या हातानं बदलला.

"आवाज काढलास होय?" आईनं विचारलं.

"काढला. आता कुणाला कळणारसुद्धा नाही तू आलीस ते."

आईनं गुडघ्यावरून हात फिरवला. "छान झालं," म्हणाली.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका सकाळी, ताई कारखान्यात निघायच्या तयारीत असताना स्वयंपाकघरात भांडं पडलं. त्या पाठोपाठ आई पडली, की आधी आई आणि मग भांडं, ते तिला बाहेरून नीट कळलं नाही. ती धावत गेली तेव्हा फरशीभर दूध होतं, पातेलं कोपऱ्यात जाऊन उपडं झालं होतं, आणि आई कुशीवर पडलेली. रडत नव्हती. ओठ घट्ट मिटलेले, चेहरा पांढराफटक.

"दूध सांडलं होतं गं," ती म्हणाली. "त्यावरून घसरले."

डाव्या खुब्याचं हाड मोडलं होतं, म्हणजे चांगल्या पायाचं. ऑपरेशन झालं, आत धातूची कांब बसली. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण दोन्ही पाय असे म्हटल्यावर पुन्हा चालणं अवघड आहे, आणि या वयात अंथरूण धरलं की माणूस उठत नाही. ताईचा जीव टांगणीला लागला. त्यातही आईला घरी आणायच्या आधी तिनं काय केलं असेल, तर तिचा सांधा काढून कारखान्यात नेला आणि तपासला. शंभरदा वाकवला, शंभरदा वजन टाकलं. जीभ खाचेत, रबर जागेवर, सगळं ठाकठीक. तिच्या जिवात जीव आला. मग लगेच लाजही वाटली, की आई तिथे विव्हळतेय आणि आपल्याला बरं वाटतंय. पण बरं वाटलं, हे खरं.

आई घरी आली. खाटेवर पडून असायची. भेटायला येईल त्याला दुधाची गोष्ट सांगायची. "माझाच वेंधळेपणा. पोरीनं इतका छान पाय दिलाय, पण डोळे नकोत का ठिकाणावर?" कुणी न विचारताही पायाचं कौतुक करायची. दर वेळी ते ऐकताना ताईला मनातून जरा बरं वाटायचं, आणि ती त्याच्या पुढे विचार करायची नाही.

मग एके दिवशी ग्रंथपाल कारखान्यात आले. सांध्याची तक्रार नव्हती, उलट वाचनालयात कुणी मान वर करत नाही म्हणून ते खूश होते. "फक्त कंबर धरते हो हल्ली. पट्टा आवळलाय की काय बघा." काकांनी पट्टा बघितला, पट्ट्यात काही नव्हतं. ताई म्हणाली, "जरा चालून दाखवा." ते पट्टीकडे वळले. "तिकडे नको," ती सहज म्हणाली, "तिथे पाहुणे उभे आहेत. इथेच, दारापर्यंत."

ते दाराकडे चालायला लागले आणि ताई रिवाजाप्रमाणे त्यांच्या मागे उभी राहिली. इथे नळ्या नव्हत्या, आरसा नव्हता. ग्रंथपाल कमरेत वाकले होते. उजवा पाय पुढे पडला की त्यांचा उजवा हात मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर जायचा आणि गुडघा मागे दाबायचा. पाऊल टाकलं, दाबला. पाऊल टाकलं, दाबला. ते स्वतःशी गुणगुणत होते, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

"तुम्ही हात कशाला लावता?" ताईनं विचारलं.

"कुठे?" ते थांबले. स्वतःच्या हाताकडे बघून हसले. "अरेच्चा! नकळत होतं हो. तसं बरं वाटतं. म्हणजे लागलं कुलूप, की नाही लागलं, हे कळतच नाही ना आता. पूर्वी खट् व्हायचं. नाही झालं की मी थांबायचो, टाच पुन्हा टेकवायचो."

त्यांच्या विजारीला मांडीवर, हात पडायचा त्या जागी, कापड झिजून तुळतुळीत झालं होतं. तळहाताएवढा चकाकता डाग. बाकीची विजार नवी होती.

पाऊल आखूड पडलं, पाय पुरता सरळ झाला नाही, की जीभ खाचेत पोहोचत नाही, हे तिला कधीपासूनच ठाऊक होतं. तसं कधीमधी होणारच, कुठल्याही सांध्यात होतं. पण ते होतं तेव्हा माणसाला कळतं कशानं? बधिर पायाला कळणार नाही. पट्टीवर आरसा सांगायचा. आणि बाहेर, घरी, रस्त्यावर सांगणारा जो एक आवाज होता, तो तिनं रबर घालून बंद केला होता. सगळ्या कारखान्यानं टाळ्या वाजवून बंद केला होता.

ती तशीच घरी गेली. आई डोळे मिटून पडली होती. दाराच्या मागे खुंटीला आईचे घरातले गाऊन होते. ताईनं पहिला काढला, उजेडात धरला. उजव्या मांडीच्या जागी फुलांची नक्षी पुसट होऊन गेली होती. दुसऱ्यावरही तेच. मग तिला ती सकाळ दिसली. तापलेलं पातेलं, दोन हातांत दोन बाजूंनी धरलेलं. मांडी दाबायला तिसरा हात आणायचा कुठून?

"आई," ती म्हणाली, "दूध आधी सांडलं का तू आधी पडलीस?"

आईनं डोळे उघडले. मुलीच्या हातातला गाऊन बघितला.

"काय फरक पडतो गं आता?"

"मला सांग."

आईनं नजर छताकडे वळवली. "मी आधी पडले," ती म्हणाली. "गुडघा गेला. वाटलं, लागलाय, म्हणून वजन टाकलं."

"आणि तू मला बोलली नाहीस? हात लावून चालत होतीस इतके दिवस, आणि एका शब्दानं बोलली नाहीस? अगं, मी हेच काम करते ना! मला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं?" ताईचा आवाज चढला. रागच आला होता तिला, आणि तो आईवर काढायला सोपा होता.

"तू किती खूश होतीस," आई म्हणाली. "आवाज गेला म्हणून. मला वाटलं, होईल सवय. एवढी वर्षं त्या आवाजानं तुला..." ती थांबली. "त्या बक्षिसाच्या दिवशी तू मान खाली घातली होतीस."

"आई, मी दहा वर्षांची होते," ताई म्हणाली.

"हो ना," आई म्हणाली. "लहान होतीस. तुझी काही चूक नव्हती. पण मी बघितलं होतं."

ताई खाटेच्या कडेवर बसली आणि गाऊनमध्ये तोंड घालून रडली. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. पडलेली ती, हाड मोडलेलं तिचं, आणि समजूतही तिनंच घालायची.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांपुढे उभी राहिली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "ताई, आईंच्या पडण्यानं तुम्ही खचलायत. पुढच्या सांध्यांतून रबर काढा. जुने लोक तपासणीला येतील तसे बदलू हळूहळू."

"हळूहळू नाही, साहेब. आजपासून. सगळ्यांना बोलवायचं."

"आणि सांगायचं काय?"

"सांधा चुकलाय म्हणून सांगायचं. मी चुकवलाय."

साहेब कपाळाला हात लावून बसले, पण त्यांनी अडवलं नाही. ताई फोनपाशी बसली. कुणी शिव्या घातल्या, कुणी म्हणालं, आमचं छान चाललंय, कशाला उगाच. ती प्रत्येकाला एकच विचारायची, "तुम्ही मांडीला हात लावून चालता का?" बहुतेकांच्या बाजूनं क्षणभर काहीच यायचं नाही. त्या क्षणात ताईचा जीव अर्धा व्हायचा. काका शेजारी बसून आलेल्या सांध्यांतून रबरं उकरून काढत होते. स्वतः कापलेली, स्वतः वाखाणलेली. त्या सगळ्या दिवसांत त्यांनी एकही विनोद केला नाही, आणि तेच सगळ्यांना जास्त जड गेलं.

सगळे आले, एक मुलगी सोडून. कॉलेजात जाणारी, तिचा डावा पाय जन्मापासून बधिर. फोनवर म्हणाली, "मी नाही देणार. पहिल्यांदा असं झालंय की मी वर्गात शिरते आणि कुणी वळून बघत नाही." ताई तिच्या घरी गेली, दोनदा गेली. पडशील, हाड मोडेल, माझी आई पडली, सगळं सांगितलं. मुलगी म्हणाली, "तुम्हाला नाही कळणार." ताईला म्हणायचं होतं की मला कळतं, माझ्याइतकं कुणाला कळत नाही. पण आपल्याला ते मान खाली घालणाऱ्याच्या बाजूनं कळलं होतं, हे आठवून ती हात हलवत परत आली.

इकडे आईचं हाड जुळलं, पण आई उठेना. फिजिओथेरपीवाली बाई रोज यायची, गोड बोलायची, दटावायची, शेवटी तिनंही हात टेकले. नवा पाय खाटेशी टेकवून ठेवलेला होता. रबर काढलेलं, खाचेत पोलादाची पट्टी बसवलेली, आवाज पहिल्यापेक्षा खणखणीत. आई त्याच्याकडे बघायची आणि कूस वळवायची. "राहू दे गं. आता कुठे जायचंय मला?" डॉक्टरांचं वाक्य ताईच्या कानांत घुमायचं. आईचे दंड दिवसेंदिवस बारीक होत चालले होते. ताईला कळत होतं की आई भीत नाहीये. पडायला ती कधीच भ्याली नव्हती.

एकदा ताईनं तो सांधा आईच्या मांडीवर ठेवला, काहीच न बोलता. आईनं जरा वेळानं तो हातात घेतला. वाकवला, सरळ केला. खट्. पुन्हा केला. खट्. "हं," ती म्हणाली. तिसऱ्यांदा मुद्दाम अर्ध्यावर थांबवला. काही वाजलं नाही. "हं," ती पुन्हा म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं फिजिओथेरपीवाल्या बाईला सांगितलं, "बांधा."

वॉकर धरून आई घरात फिरू लागली. खाट ते दार, दार ते स्वयंपाकघर. ताई कामावर असली की फिरायची, असं शेजारीण सांगायची. ताई घरी असली की बहुतेक बसलेली असायची. ताईला वाटलं, दमत असेल. पुन्हा तेच वाटलं तिला, बघा!

एका संध्याकाळी साहेब घरी आले. येण्याचं कारण ती मुलगी होती. वाचनालयाच्या जिन्यावर तिचा तोल गेला होता, कठड्यानं वाचली, आणि शेवटी कारखान्यात आली होती. "सांधा द्यायला तयार आहे," साहेब म्हणाले. "पण एक अट घातलीय. आवाज फक्त तिला ऐकू यावा एवढाच. तुम्ही सांगा, किती कमी करता येईल?"

ताई विचारात पडली. पट्टी पातळ केली तर, जीभ आखूड केली तर, आवाज हाडातून वर पोहोचवता आला तर. ती कागदावर रेघा मारू लागली. "लोकांना त्रास नको आणि तिला कळायला तर हवं," साहेब म्हणत होते, "हा आवाज म्हणजे फारच झालाय ताई, काकांच्या भाषेत ओरडतोय." ताई हसली. "हो, कमी करायला हवा," ती म्हणाली.

म्हणाली, आणि तिचं पेन थांबलं. साहेबांनी बेल वाजवली तेव्हा आई स्वयंपाकघरात नुकतीच स्टुलावरून उठली होती, ते खट् ताईनं ऐकलं होतं. त्यानंतर काहीच नव्हतं. बसताना मांडीवरचा खटका ओढावा लागतो, तो चांगला करकरतो. तो करकरला नव्हता. म्हणजे चहा झाला, मुलीची गोष्ट झाली, इतका वेळ आई आत उभी होती. लुळ्या पायावर आणि कांब घातलेल्या खुब्यावर, ओटा धरून, न हलता.

"आई?" ताईनं हाक मारली.

"बसलेय गं मी," आतून उत्तर आलं. "चालू दे तुमचं."

"आई, बाहेर ये. साहेब आलेत."

"कशाला? बोला तुम्ही." मग जरा थांबून, हळू आवाजात, "आवाज होईल गं."

"होऊ दे!" ताई इतक्या जोरात ओरडली की साहेबांच्या बशीत चहा सांडला. तिचे डोळे भरून आले होते आणि साहेबांपुढे ते लपवायचं तिला सुचलंही नाही. "होऊ दे, आई. ये तू. मी थांबलेय."

आत काहीच हललं नाही. साहेब कप हातात धरून अवघडून बसले. मग वॉकर सरकल्याचा आवाज आला, आणि त्याच्या मागून, खट्. वॉकर सरकला. खट्. वॉकर पुन्हा सरकला, आणि या वेळी काहीच वाजलं नाही.

पाय पुरता सरळ झाला नव्हता, जीभ खाचेबाहेर होती. उठून धावावं असं तिला वाटलं, पण ती उठली नाही. आत आईसुद्धा थांबली असणार. वजन दुसऱ्या पायावर घेतलं असणार, टाच उचलून पुन्हा टेकवली असणार.

खट्.

मग पावलं दाराकडे येऊ लागली, सावकाश, घरभर वाजत. साहेब उभे राहिले. ताई मान वर करून दाराकडे बघत बसली.